पाण्याचा हिशेब मांडणारा अभियंता : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या



सप्टेंबर महिना आला की आपल्या शाळेत दोन दिवसांची तयारी सुरू होते. एक ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन आणि दुसरा १५ सप्टेंबरचा अभियंता दिन. शिक्षक दिनाला मुले स्वतः वर्ग घेतात, भाषणे करतात. अभियंता दिन मात्र बहुतेक वेळा फळ्यावर एक फोटो लावून आणि चार ओळी वाचून संपतो. ह्या वर्षी तसे होऊ नये असे मला वाटले, आणि त्याला कारणही तसेच घडले.

गेल्या महिन्यात आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली होती. ती सध्या जलविज्ञानात संशोधन करते. आठवी-नववीच्या मुलांना तिने आपल्या लॅपटॉपवर एका नदीचे खोरे दाखवले. कुठे किती पाऊस पडला, जमीन मुरमाड की काळी, उतार किती, वाटेत तलाव किती, ही सगळी माहिती संगणकात भरली की नदीला कोणत्या दिवशी किती पाणी येईल याचा अंदाज निघतो. यालाच संगणकीय मॉडेल म्हणतात. रुडकीला १९७८ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आणि पुण्याजवळ खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र अशा संस्थांमध्ये हे काम चालते. मुले डोळे मोठे करून बघत होती. शेवटी आठवीतल्या एका मुलाने विचारले की संगणक नव्हते तेव्हा हे सगळे कोण आणि कसे करत होते?

प्रश्न साधा होता, पण मला तो फार आवडला. त्याचे उत्तर म्हणून मी हा लेख लिहीत आहे. माझे स्वतःचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तेव्हा मराठी लिहिताना कुठे चूक झाली तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबरला, आताच्या कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी ह्या लहानशा गावी झाला. जन्माचे वर्ष कुणी १८६० मानतात, कुणी १८६१. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित होते. घरात विद्या होती, पैसा नव्हता. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे मामांच्या आधाराने ते बंगळूरला शिकले. सेंट्रल कॉलेजात असताना शिकवण्या करून ते आपला खर्च चालवत. १८८१ मध्ये ते बी. ए. झाले.

मित्रांनो, इथून त्यांचा आणि महाराष्ट्राचा संबंध सुरू होतो. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकायला आले. हेच पुढे सीओईपी म्हणून प्रसिद्ध झाले आणि आता ते विद्यापीठ आहे. १८८३ च्या अंतिम परीक्षेत ते पहिले आले व त्यांना बर्कले पारितोषिक मिळाले. लगेच, १८८४ मध्ये, मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. वय जेमतेम तेवीस-चोवीस.

पहिले काम खानदेशात, धुळ्याकडे मिळाले. पांझरा नदीच्या पात्रातून नळ टाकून एका बाजूचे पाणी दुसऱ्या बाजूला न्यायचे होते. ऐन पावसाळ्याचे दिवस. नदी खळाळून वाहते आहे, खणलेली जागा वाळूने पुन्हा भरते आहे, आणि हाताखाली नवखी माणसे. तरी काम पुरे झाले. नदी कागदावरच्या नकाशाप्रमाणे वागत नाही हा धडा त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षात मिळाला. तो त्यांनी जन्मभर लक्षात ठेवला असे त्यांच्या पुढच्या कामांवरून दिसते.

त्यानंतर सिंध प्रांतातले सक्कर. १८९४-९५ ची गोष्ट. गाव सिंधू नदीच्या काठावर, पण नदीचे पाणी गढूळ. नगरपालिकेकडे पाणी गाळण्याचे मोठे हौद बांधण्याइतका पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणवली. नदीचे पाणी वाळूतून झिरपत त्या विहिरीत येई आणि येता येताच गाळले जाई. तेच स्वच्छ पाणी पंपाने वर चढवून गावाला दिले गेले. जे काम करायला पैसा नव्हता, ते नदीच्या वाळूने फुकट करून दिले! आपल्या आजी माठाच्या तोंडाला फडके बांधून पाणी गाळत, तसाच हा विचार, फक्त एका शहराच्या मापाचा.

पुढे ते पुण्यास आले. पुण्यात न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले अशा थोर मंडळींशी त्यांचा परिचय झाला. आणि इथेच त्यांच्या दोन मोठ्या कामांची सुरुवात झाली.

पहिले काम नीरा कालव्यावरचे. कालव्यातून पाणी सुटे, पण ज्यांची जमीन कालव्याजवळ ते ऊस लावून भरमसाट पाणी घेत. खालच्या गावांना काही उरत नसे. वरच्या जमिनीत इतके पाणी मुरे की जमीन खराब होई, डबकी साचत आणि हिवताप पसरे. म्हणजे एकीकडे पाण्यावाचून हाल आणि दुसरीकडे पाण्यामुळेच हाल. १८९९ मध्ये विश्वेश्वरय्यांनी गट पद्धत मांडली. गावोगाव जमिनीचे गट पाडायचे, प्रत्येक गटात बारमाही पाणी लागणाऱ्या पिकाचा वाटा ठरवून द्यायचा, बाकी जमिनीत कमी पाण्याची पिके घ्यायची आणि पिके आलटून पालटून लावायची. पाणी तेवढेच, पण ते जास्त गावांना आणि जास्त शेतकऱ्यांना पोहोचेल असा हा हिशेब होता.

सुरुवातीला लोकांना हे पटले नाही. ऊसवाल्यांना आपले पाणी कमी होणार असे वाटले, टीकाही झाली. विश्वेश्वरय्यांनी नुसते सरकारी हुकूम काढले नाहीत, तर शेतकऱ्यांच्या सभा घेऊन त्यांना आकडे समजावून सांगितले. पाण्याचा प्रश्न अर्धा गणिताचा असतो आणि अर्धा माणसांचा, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते. संगणकाच्या पडद्यावर कितीही चांगले उत्तर निघाले तरी शेवटी ते कालव्यावरच्या माणसाला पटावे लागते, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

दुसरे काम खडकवासल्याचे. पुण्याला पाणी देणारा हा तलाव पावसाळ्यात भरून वाहू लागे. जास्तीचे पाणी सांडव्यावरून निघून जाई आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडे. पाणी अडवून ठेवण्यासाठी धरणाची भिंत उंच करावी तर जुन्या भिंतीवर भार पडून धोका. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसवण्याची योजना केली. वजनांच्या तोलावर टांगलेले हे दरवाजे ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी अडवून धरत. पाणी त्याच्या वर चढू लागले की पाण्याच्याच जोराने तोल बदले आणि दरवाजे आपोआप उघडत. पूर ओसरला की आपोआप बंद. रात्री-अपरात्री पुरात कुणी धावत जाऊन चाक फिरवायची गरज नाही. ह्या दरवाजांमुळे तलावात सुमारे ८ फूट जास्त पाणी साठवता येऊ लागले, म्हणजे साठा जवळजवळ पावपट वाढला. १९०३ मध्ये हे दरवाजे बसले. त्यांनी ह्या शोधाचे पेटंट घेतले, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे मानधन सरकारकडून घेणे त्यांना योग्य वाटले नाही, म्हणून ते त्यांनी घेतले नाही.

ह्याच तऱ्हेचे दरवाजे पुढे आपल्या ग्वाल्हेरच्या तिघरा धरणाला बसले. हे वाचून काही मुलांना आश्चर्य वाटेल. आपण सुटीच्या दिवशी तिघऱ्याला नावेत बसायला जातो, पण त्या धरणाची कहाणी दुःखाची आहे. शिंदे संस्थानच्या काळात सांक नदीवर हे धरण बांधले गेले. ऑगस्ट १९१७ मध्ये, पायाच्या वाळूच्या दगडात पाणी मुरून, ते फुटले आणि मोठी प्राणहानी झाली. नंतर धरण पुन्हा उभे राहिले आणि आज आपल्या शहराच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः तिथूनच येते. उन्हाळ्यात तिघऱ्याची पातळी खाली गेली की नळाला दिवसाआड पाणी येते, तेव्हा आपण कुरकुर करतो. त्या पाण्यामागे किती जणांचे डोके, किती जणांचे श्रम आणि किती जणांचे प्राण गेले आहेत, हे त्या वेळी एकदा आठवावे.

१९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवले गेले. समुद्राकाठचे रुक्ष बंदर, गोड्या पाण्याचा तुटवडा. तिथेही त्यांनी आसपासच्या प्रदेशाची पाहणी करून, दूरच्या नदीच्या कोरड्या पात्राखालचे पाणी आणण्याची योजना आणि सांडपाण्याची व्यवस्था सुचवली. जवळजवळ चोवीस वर्षे मुंबई सरकारची नोकरी केल्यावर त्यांनी ती सोडली. त्या काळात हिंदी माणसाला सर्वोच्च अभियंत्याच्या जागेपर्यंत पोहोचणे फार कठीण होते. नोकरी सोडून ते परदेश प्रवासाला गेले. ते बाहेर असतानाच हैदराबादहून निरोप आला.

आता मी त्या आठवीतल्या मुलाच्या प्रश्नाच्या खऱ्या उत्तरापाशी येते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादला मुसी नदीला महापूर आला. नदी शहराच्या मधून वाहते. एका दिवसात घरे, पूल, माणसे वाहून गेली. हजारो लोक मेले. निजाम सरकारने असा पूर पुन्हा येऊ नये यासाठी उपाय सुचवायला विश्वेश्वरय्यांना बोलावले आणि १९०९ मध्ये ते कामाला लागले.

त्यांनी काय केले? लगेच शहरात उंच भिंती बांधा असे सांगितले नाही. ते नदीच्या उगमाकडे गेले. कुठल्या ठिकाणी किती पाऊस पडला ह्याच्या नोंदी जमवल्या. शमशाबादला २४ तासांत जवळजवळ १३ इंच पाऊस झाला होता. मग खोऱ्यातले तलाव मोजले. ते ७८८ निघाले, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ त्या पावसात फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर येई, मग तोही फुटे, आणि असे करत सगळे पाणी एकदम शहरावर आले. पुराच्या खुणांवरून त्यांनी हिशेब केला की ऐन भरात नदीतून सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट पाणी वाहत होते.

मित्रांनो, पाऊस, जमीन, तलाव, उतार आणि शेवटी नदीचे पाणी. आपल्या माजी विद्यार्थिनीने लॅपटॉपवर दाखवले ते ह्याच क्रमाने होते ना? संगणक ते काम काही मिनिटांत करतो आणि हजार वेळा करून बघतो. विश्वेश्वरय्यांनी ते पेन्सिल, कागद, नकाशा आणि पायपीट ह्यांवर केले. पण विचाराची रीत तीच. आधी मोजा, मग कारण शोधा, मग उपाय सांगा.

उपाय असा होता की शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधायचे. पूर आला की तो तिथे थोपवायचा आणि नदीला झेपेल इतकेच पाणी हळूहळू खाली सोडायचे. त्याच पाण्यातून शहराची तहानही भागवायची. ह्या योजनेतून मुसी नदीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पुरे झाले. हैदराबादमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी बांधवांना ही नावे घरच्यासारखी परिचयाची असतील. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ह्या तलावांचे पाणी प्यायले आहे.

त्याच वर्षी, म्हणजे १९०९ च्या शेवटी, ते आपल्या म्हैसूर संस्थानात मुख्य अभियंता झाले. कावेरी नदीवरचे कृष्णराजसागर धरण हे त्यांचे सर्वांत गाजलेले काम. १९११ मध्ये ते सुरू झाले आणि पुरे व्हायला १९३१ उजाडले. खर्च फार म्हणून संस्थानातच विरोध झाला. खाली मद्रास सरकारही कावेरीच्या पाण्यावर हक्क सांगत होते, त्यामुळे सुरुवातीला ८० फूट उंचीचीच परवानगी मिळाली. पण त्यांनी पाया मात्र पुढच्या पूर्ण उंचीला पेलेल असा घातला. सिमेंट महाग व परदेशातून येणारे, म्हणून चुना आणि विटांची सुरखी वापरली गेली. आज मंड्याच्या बाजूला ऊस आणि भात डोलतो तो ह्याच धरणाच्या कालव्यावर.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. धरणाच्या पाण्याखाली कन्नंबाडी व आसपासची गावे गेली. लोकांना घरे, शेते, देवळे सोडून दुसरीकडे जावे लागले. थोर माणसाचे चरित्र सांगताना आपण बहुधा फुलेच वाहतो, पण ज्यांची गावे बुडाली त्यांचेही स्मरण करणे हे आपले कर्तव्य आहे. ज्यांच्या त्यागावर आपले नळ चालतात त्यांची नावे पुस्तकात येत नाहीत.

१९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. सहा वर्षांत बँक, साबणाचा कारखाना, शाळा, ग्रंथालये आणि १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ, अशी अनेक कामे त्यांच्या काळात उभी राहिली. १९१५ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. ब्राह्मणेतर समाजांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याच्या प्रश्नावर त्यांचे महाराजांशी मतभेद झाले आणि १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले. परीक्षेतील गुण हीच एक कसोटी असावी असे त्यांचे मत होते. ज्यांना शाळेची पायरीच चढू दिली गेली नव्हती त्यांच्या बाजूने पाहिले तर महाराजांचे म्हणणे न्यायाचे होते, असे मला वाटते. मोठी माणसेही सगळ्या गोष्टींत बरोबर असतात असे नाही. विद्यार्थ्यांनी ह्यावर वर्गात जरूर चर्चा करावी.

पद सोडले तरी काम सुटले नाही. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना त्यांनी मार्गी लावला. देशाच्या नियोजनावर १९३४ मध्ये पुस्तक लिहिले. गंगेवर बिहारमध्ये पूल कुठे बांधावा ह्याची पाहणी करणाऱ्या समितीचे काम त्यांनी स्वीकारले तेव्हा वय नव्वदीच्या पुढे होते. मोकामाचा तो पूल १९५९ मध्ये खुला झाला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

जुलै १९६१ मध्ये पानशेत धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि तीही भिंत फुटून पुण्यात हाहाकार झाला. ज्या खडकवासल्याला त्यांनी तरुणपणी आपले दरवाजे बसवले होते त्याची ही बातमी आली तेव्हा शंभरीच्या घरातले विश्वेश्वरय्या हयात होते. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

खडकवासल्याचे धरण पुन्हा बांधले गेले. त्याच धरणाच्या पायथ्याशी केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये ह्या संस्थेची सुरुवात केली. तिथे विटा-सिमेंटच्या छोट्या नद्या, छोटी बंदरे, छोटी धरणे बांधून त्यांत खरे पाणी सोडून अभ्यास करतात, आणि आता त्याच्या जोडीला संगणकावरची गणिती मॉडेलेही असतात. पण एक गोष्ट आपल्या माजी विद्यार्थिनीने मुलांना मुद्दाम सांगितली. संगणकाला चुकीची नोंद दिली तर उत्तरही चुकीचेच येते. पाऊस नीट मोजला नसेल तर जगातला सर्वांत मोठा संगणकही कामाचा नाही.

म्हणून ह्या वर्षी अभियंता दिनाला आपण भाषणे कमी करणार आहोत. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला आहे. आठवीच्या मुलांनी रोज सकाळी साडेआठ वाजता त्याची नोंद वहीत करायची आहे, सुटीच्या दिवशीसुद्धा. पाळ्या वर्गशिक्षक ठरवतील. एक सोपा हिशेब लक्षात ठेवा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. घराचे छप्पर १०० चौरस मीटरचे असेल आणि वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावर ७०,००० लिटर पाणी पडते. ते सगळे गटारात जाते. आपापल्या छपराचे माप घेऊन तुम्हीही हा हिशेब करा आणि आई-बाबांना दाखवा. पालकांना विनंती की त्यांनी तो शांतपणे पाहावा आणि छताचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय करता येईल का, ह्याचा विचार करावा.

ज्या मुलाने प्रश्न विचारला, पहिली पाळी त्याचीच आहे.

आपली,
मुख्याध्यापिका